दोन हजार टक्क्यांचे दोनशे रुपये

‘कंपनीचा 2000 टक्के लाभांश’ असा मथळा आला की आमच्या सोसायटीच्या बाकावर हळहळ सुरू होते. “लाख लावले असते तर वीस लाख झाले असते!” माझी सारी नोकरी एका कंपनीच्या शेअर विभागात, लाभांशाची वॉरंटे तपासण्यात गेली. त्यामुळे अशा वेळी मला गप्प बसवत नाही.

आकडा खोटा नसतो. एमआरएफने 2023-24 या वर्षासाठी शेअरमागे एकूण 200 रुपये लाभांश दिला. दर्शनी मूल्य 10 रुपये, म्हणून तो 2000 टक्के. पण हा शेअर दहा रुपयांना देतो कोण? जून 2023 मध्येच त्याचा भाव लाखापलीकडे गेला होता. लाख मोजणाऱ्याच्या हाती 200 रुपये, म्हणजे 0.2 टक्के. बचत खात्यावरही याहून जास्त व्याज मिळते. यात कंपनीचे काही चुकले नाही. नफा वाटायचा की धंद्यात घालायचा, हे तिने ठरवायचे. चुकतो तो आपला हिशेब.

दर्शनी मूल्य ही भागभांडवल मोजण्यापुरती कागदावरची किंमत. तोच दोन रुपये लाभांश दहा रुपयांच्या शेअरवर 20 टक्के होतो आणि एक रुपयाच्या शेअरवर 200 टक्के. म्हणून ‘सेबी’च्या 2015 च्या नियमावलीने शेअर बाजारात सूचीबद्ध कंपन्यांना लाभांश शेअरमागे किती रुपये, असाच जाहीर करायला सांगितले आहे. टक्के मात्र मथळ्यांतून आणि व्हॉट्सॲपवरून अजून हटलेले नाहीत.

बोनस शेअरचेही तेच. एकास एक बोनस म्हणजे गंगाजळीतली रक्कम भागभांडवलाच्या खात्यात जाते. शेअर दुप्पट, भाव साधारण निम्मा. तिजोरीतला पैसा जागचा हलत नाही. तरी वार्षिक सभेत भागधारक उठून बोनसच मागतात. लाभांश धंद्यातल्या रोकडीतून आला की कर्ज काढून दिला, हे विचारणारा विरळाच. त्याचा माग अहवालातल्या रोख प्रवाहाच्या पत्रकात लागतो.

वर्तमानपत्रांनी लाभांश रुपयांत छापावा. टक्के हवेच असतील, तर ते बाजारभावावर काढावेत. मग 2000 चा मथळा होणार नाही, पण वाचकाला आपल्या पैशावर काय मिळते ते कळेल.