मरणाचा हक्क आणि मरू देण्याची मुभा

कर्जतच्या एका अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्याने प्रश्न विचारला, "इच्छामरणाच्या हक्काला समाजवाद्यांनी पाठिंबा द्यावा की देऊ नये?" दोन उत्तरे तत्काळ आली. एक गृहस्थ म्हणाले, जीवन ही ईश्वराची देणगी आहे, ते संपविण्याचा अधिकार माणसाला नाही. दुसरे म्हणाले, ज्याचे जीवन त्याचे मरण. इतरांनी त्यात पडू नये. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. त्याची कारणे, पक्षाची भूमिका म्हणून नव्हे तर माझे वैयक्तिक मत म्हणून, येथे मांडीत आहे.

पहिल्या उत्तरात एक जुना दुटप्पीपणा दडलेला आहे. आपल्याच जिल्ह्यातील गागोद्याला जन्मलेल्या विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न, पाणी आणि औषध नाकारून देह ठेवला. देशाने त्यांना वंदन केले, आणि ते योग्यच होते. पण त्याच काळात सासरच्या छळाला कंटाळून जीव देऊ पाहणारी एखादी गरीब स्त्री दैवयोगाने वाचली, तर भारतीय दंडविधानाचे ३०९ वे कलम तिला गुन्हेगार ठरवीत होते. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली हे कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ते पुन्हा वैध मानले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्याय संहितेतून ते सर्वसाधारण कलम अखेर गेले. जीवन पवित्र आहे असे म्हणणाऱ्यांनी तोवर दुःखितालाच शिक्षा देण्याची तरतूद निमूटपणे चालू दिली होती.

म्हणून मी स्पष्ट म्हणतो: बरे होण्याची आशा संपलेल्या रुग्णाला यंत्रांवरचे जगणे नाकारण्याचा हक्क असलाच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तो मान्य केला आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. त्या हक्काच्या बाजूने मी उभा आहे.

परंतु दुसरे उत्तर मला तेवढ्यानेच पटत नाही. इच्छामरणात 'इच्छा' हा शब्द आधी येतो, आणि इच्छा ही मोकळ्या माणसाची असते. खालापूरच्या डोंगरातील एखादा ठाकूर म्हातारा "आता पुरे, मला दवाखान्यात नेऊ नका" असे म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडून कोण बोलत असते? त्याला झोळीतून खाली उतरविताना चार माणसांची मजुरी बुडणार असते, गाडीभाड्यासाठी उसने काढावे लागणार असते. वीटभट्टीची उचल घेतलेला कातकरी स्वतःच्या श्रमाचाही मालक उरत नाही. मग तो स्वतःच्या मरणाचा मालक कसा होणार? दारिद्र्याने वदविलेल्या नकाराला स्वेच्छा म्हणणे ही निखालस फसवणूक आहे.

याच्या उलट उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे आहे. नोव्हेंबर १९७३ मधील पाशवी हल्ल्यानंतर परिचारिका अरुणा शानबाग १८ मे २०१५ पर्यंत तेथे अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना मरण द्यावे की नाही यावर २०११ साली सर्वोच्च न्यायालयात वाद झाला. न्यायालयाने ती विनंती नाकारली, पण काही अटींवर उपचार थांबविण्याचा मार्ग प्रथमच मोकळा केला. या वादात अनेकांना एका गोष्टीचा सोयीस्कर विसर पडला. पालिकेच्या त्या रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना चार दशके सांभाळले होते. त्यांना जगवावे की नाही, हा प्रश्न विचारता येत होता तो या सार्वजनिक सेवेमुळे. जिथे ती सेवाच नाही, तिथे प्रश्न विचारण्यापूर्वी उत्तर मिळून जाते.

आता त्या उत्तराकडे पाहू. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाची दरड इर्शाळवाडीवर कोसळली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, यंत्रे वर जाऊ शकली नाहीत, माणसांनी कुदळी-फावड्यांनी चिखल उपसला. चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने सांगितले. २०१४ साली माळीण गाडले गेले होते, २०२१ साली याच जिल्ह्यातील तळिये गाडले गेले होते. तरीही यादी पूर्ण झाली नव्हती!

कायदा मारणे आणि मरू देणे यांत भेद करतो. इस्पितळात तो भेद मला मान्य आहे, कारण तेथे मरू देण्यासाठी रुग्णाची इच्छा किंवा आप्तांची संमती लागते आणि तीन-तीन डॉक्टरांच्या दोन मंडळांचा अभिप्राय लागतो. एका रुग्णाची नळी काढण्यासाठी सहा डॉक्टरांना उत्तरदायी व्हावे लागते. एका अख्ख्या वाडीला डोंगराखाली मरू देण्यासाठी मात्र कोणाचीही सही लागत नाही! संमतीवाचून मरू देणे आणि मारणे यांत नैतिक अंतर फार थोडे आहे, आणि ज्याच्या हाती वाचविण्याची सत्ता होती त्याच्या बाबतीत तर ते जवळजवळ उरतच नाही.

भाई कोतवालांचे स्मरण आपण दरवर्षी २ जानेवारीला करतो. १९४३ साली सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. विजेचे मनोरे पाडण्याचे त्यांचे धाडस आपण सांगतो. पण त्याआधी सावकारी पाशातील गरिबांना पावसाळ्यात उपास पडू नयेत म्हणून त्यांनी धान्यकोठ्या उभ्या केल्या होत्या, हे सांगायला विसरतो. प्राण देण्यापूर्वी त्यांनी प्राण राखण्याची व्यवस्था लावली होती. तो क्रम आपण मोडता कामा नये.

म्हणून त्या तरुण मित्राला माझे उत्तर असे आहे: होय, पाठिंबा द्या. मृत्युपूर्व इच्छापत्राची माहिती ग्रामपंचायतीपर्यंत न्या. पण त्याच सभेत, त्याच ठरावात, प्रत्येक तालुका रुग्णालयात वेदनाशमनाची मोफत सोय, प्रत्येक वाडीला रस्ता आणि धोक्याच्या उतारावरील प्रत्येक कुटुंबाचे दरड कोसळण्याआधी, त्यांच्या संमतीने पुनर्वसन मागा. यातील पहिली मागणी एकटीच पुढे रेटली, तर ज्यांना जगण्याचा हक्क कधी मिळालाच नाही, त्यांच्या हाती आपण केवळ मरणाचा हक्क ठेवून परत येऊ.