‘नाही’ची चिठ्ठी म्हणजे पगारकपातच!



खमरियात असे एखादे तरी घर सापडते, की थोरला दारूगोळा कारखान्यात, मधला रेल्वेत आणि धाकटा पोस्टात. एकाला कारखान्याचे इस्पितळ, दुसऱ्याला रेल्वेचे, तिसऱ्याला सीजीएचएसचा दवाखाना. दारे तीन, पण औषधाच्या खिडकीवर पुष्कळदा उत्तर एकच, “नाही. बाहेरून घ्या.”

आमचा एक निवृत्त गँगमन असाच दोन महिने रिकाम्या हाताने परतला. रक्तदाबाची गोळी विकत परवडेना, म्हणून ती दिवसाआड घेऊ लागला. एका सकाळी त्याचे तोंड वाकडे झाले. याचा जाब कुणाला विचारायचा?

औषधपाणी ही मेहेरबानी नाही. रेल्वे कामगाराच्या नोकरीची ती शर्त आहे. निवृत्तीनंतरच्या आरईएलएचएस योजनेसाठी तो एकरकमी वर्गणी भरतो. सीजीएचएसमधल्या पोस्टमनच्या पगारातून २०१७ पासून दरमहा २५० रुपये कापले जातात. औषध मिळो न मिळो, कपात चुकत नाही. वर गोळ्याही खिशातून आणायच्या, तर ही हुकूम न काढता केलेली दुसरी पगारकपातच झाली.

आणि बाहेरचा बाजार कसा? १९९५ च्या आदेशात नियंत्रित औषधांची किंमत उत्पादनखर्चावरून ठरत असे. २०१३ च्या आदेशाने खर्च सोडून बाजारभावाची सरासरी धरली. म्हणजे दुकानदाराच्याच तराजूने माप! एप्रिल २०२३ मध्ये आवश्यक औषधांच्या कमाल किमती १२.१२ टक्क्यांनी वाढवायला मुभा मिळाली. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, तो देशाला आपले पेनिसिलिन मिळावे म्हणून. डिसेंबर २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने तोही विकायचे ठरवले.

प्रशासन म्हणते, पैसा नाही. पण काटकसरीचा रस्ता सरकारला ठाऊक आहे. २००८ पासून जनऔषधी दुकाने चालू आहेत. तेच औषध तिथे जेनेरिक नावाने निम्म्याहून कमी किमतीत मिळते, असे सरकारच सांगते. मग आमच्या दवाखान्यांसाठीही वर्षाचा हिशेब धरून, दर्जा तपासून, वेळेवर खरेदी करा. कपाट रिकामे ठेवणे ही काटकसर नव्हे. तो खर्च आजाऱ्याच्या खिशावर ढकलणे आहे.

आमच्याच लोकांनाही दोन शब्द. अमक्याच कंपनीची गोळी हवी, हा हट्ट सोडा. घरात डबे भरून ठेवू नका. तिकडे दुसऱ्या आजाऱ्याला ती गोळी मिळत नाही. आणि ‘नाही’ची चिठ्ठी फाडू नका. तिच्यावर तारीख, सही, शिक्का घ्या, स्थानिक खरेदीतून औषध मागा आणि नक्कल शाखेत आणून द्या. एका चिठ्ठीला साहेब तक्रार म्हणतील, शंभर चिठ्ठ्यांना पुरावा म्हणावेच लागेल. तो गठ्ठा टेबलावर ठेवूनच आम्ही बोलणी करू.

औषध हा आमच्या पगाराचा भाग आहे. तो पूर्ण घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका!