विश्लेषण : आरोग्याचा अंदाज पत्त्यावरून? वस्तीची वंचितता कशी मोजतात?

रुग्णाचे वय, वजन, रक्तदाब, साखर हे सारे केसपेपरवर असते. तो कोणत्या वस्तीत राहतो हे मात्र पत्त्याच्या रकान्यापुरतेच उरते. ब्रिटन आणि अमेरिकेतील आरोग्य संशोधकांनी या पत्त्यालाच आकडा दिला. ‘वंचितता निर्देशांक’ हे त्याचे नाव. अमेरिकेत आता त्यावर आरोग्यसेवेचा पैसाही ठरू लागला आहे. त्यामुळे हा आकडा कसा तयार होतो आणि कुठे चुकतो, हे समजून घेणे आपल्याकडील शहरांसाठीही गरजेचे आहे.

वंचितता व्यक्तीची की वस्तीची?

दोन्हींची, पण त्या वेगळ्या आहेत. समान पगाराची दोन कुटुंबे वेगवेगळ्या वस्त्यांत राहत असतील, तर त्यांचे पाणी, हवा, गर्दी, दवाखान्याचे अंतर वेगळे असते. त्याचा आरोग्यावर परिणाम होतो का, हे अमेरिकेत १९९४ पासून एका प्रयोगातून तपासले गेले. पाच शहरांतील गरीब सरकारी वसाहतींमधल्या सुमारे साडेचार हजार कुटुंबांमध्ये सोडत काढण्यात आली. काहींना कमी गरिबीच्या वस्तीत राहायला जाण्यासाठी भाड्याची मदत मिळाली. दहा ते पंधरा वर्षांनी पाहता, ही मदत मिळालेल्या गटातील महिलांमध्ये अतिस्थूलता आणि मधुमेहाचे प्रमाण तुलनेने कमी आढळले.

निर्देशांक तयार कसा होतो?

जनगणना किंवा तत्सम सर्वेक्षणातील माहिती एकत्र करून. ब्रिटनमध्ये पीटर टाउनसेंड यांनी १९८० च्या दशकात चार निकष घेतले : बेरोजगारी, मोटार नसणे, स्वतःचे घर नसणे आणि घरातील दाटी. इंग्लंडच्या २०१९ च्या अधिकृत निर्देशांकात उत्पन्न, रोजगार, शिक्षण, आरोग्य, गुन्हेगारी, घर व सेवांची उपलब्धता आणि राहणीमानाचा परिसर असे सात विभाग आहेत. यातील उत्पन्न आणि रोजगाराला प्रत्येकी २२.५ टक्के वजन आहे. सरासरी दीड हजार लोकवस्तीच्या ३२,८४४ लहान क्षेत्रांची क्रमवारी त्यातून लावली गेली.

अमेरिकेतील ‘एरिया डेप्रिव्हेशन इंडेक्स’ १७ निकषांवर आधारलेला आहे. गोपाल सिंग यांनी २००३ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर विस्कॉन्सिन विद्यापीठातील डॉ. एमी काइंड यांच्या चमूने काम केले आणि २०१८ मध्ये देशभराचा नकाशा सर्वांसाठी खुला केला.

त्यातून काय हाती लागले?

काइंड आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रुग्णालयातून घरी गेलेले वृद्ध ३० दिवसांत पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण पाहिले. बहुतांश वस्त्यांत ते जवळपास सारखेच होते. सर्वाधिक वंचित १५ टक्के वस्त्यांत मात्र ते २२ टक्क्यांवरून २७ टक्क्यांपर्यंत चढत गेले. म्हणजे रुग्ण परत आला की दोष रुग्णालयाचाच, असे मानता येत नाही. घरी गेल्यावर त्याला काय मिळते, हेही पाहावे लागते.

मग वाद कशावरून?

या निर्देशांकात काही निकष टक्क्यांत आहेत, तर घराची किंमत आणि उत्पन्न डॉलरमध्ये. ते एका मापावर न आणता मिसळल्याने डॉलरचे मोठे आकडे बाकीच्यांना झाकोळून टाकतात, अशी टीका २०२३ मध्ये झाली. परिणामी, घरे महाग असलेल्या न्यूयॉर्कमध्ये ब्राँक्ससारख्या गरीब भागातील वस्त्याही कागदावर सुस्थितीत दिसतात. त्याच वर्षापासून मेडिकेअरच्या एका योजनेत डॉक्टर-रुग्णालयांच्या गटांना मिळणाऱ्या रकमेसाठी हा आकडा वापरला जाऊ लागला. त्यामुळे सूत्रातील दोष थेट गरीब रुग्णांच्या वाट्याला येण्याची भीती निर्माण झाली.

दुसरी मर्यादा अशी की हा आकडा वस्तीचा आहे, माणसाचा नाही. वंचित वस्तीतला प्रत्येक जण गरीब नसतो आणि श्रीमंत वस्तीतल्या घरकामगाराची गरिबी त्यात दिसत नाही.

मुंबईत हे मोजायचे तर?

येथे घराच्या किमतीचा निकष किती फसवा ठरेल, हे सांगायला नको. पण टाउनसेंड यांचे निकषही जसेच्या तसे चालणार नाहीत. झोपडपट्टीतील बहुसंख्य कुटुंबे जनगणनेत आपले घर ‘मालकीचे’ म्हणूनच नोंदवतात.

‘पक्के घर’ हा निकषही पुरेसा नाही. गोवंडी-मानखुर्द परिसरातील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड यांसारख्या पुनर्वसन वसाहतींच्या अभ्यासात, एकमेकींना खेटून उभ्या इमारतींमधील अपुरा उजेड आणि हवा यांचा क्षयरोगाशी संबंध दिसून आला. या इमारती पक्क्याच आहेत.

सर्वांत मोठा प्रश्न क्षेत्राच्या आकाराचा. महापालिकेच्या जी-उत्तर विभागात शिवाजी पार्क येते आणि धारावीही. या दोहोंची सरासरी कोणाचेच चित्र दाखवत नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत झालेल्या सेरो सर्वेक्षणात झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के लोकांत करोनाची प्रतिपिंडे आढळली, तर त्याच विभागांतील इतर वस्त्यांत हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. एवढी तफावत विभागवार आकड्यांत दडून गेली असती.

पुढे काय व्हायला हवे?

आपल्याकडे शेवटची जनगणना २०११ ची. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तिच्या घरयादीत पाण्याचा स्रोत, शौचालय, खोल्यांची संख्या, इंधन अशी माहिती असते. जनगणनेचा प्रगणक गट काही शे लोकसंख्येचा असतो. कुणाचीही ओळख उघड न करता त्या पातळीवरचे एकत्रित आकडे संशोधकांना वेळेत मिळाले, तर वस्तीनिहाय निर्देशांक करता येईल. रुग्णालयांनीही पत्ता केवळ ‘गोवंडी’ असा न लिहिता वस्तीपर्यंत नोंदवायला हवा.

मात्र अमेरिकेच्या अनुभवातून एक अट शिकावी. निकष कोणते, त्यांचे वजन किती आणि ते कसे मिसळले, हे निधीवाटपाआधी जाहीर व्हावे आणि निकाल प्रत्यक्ष वस्तीत जाऊन पडताळले जावेत. नवा दवाखाना कुठे उघडायचा, क्षयरोग तपासणीची गाडी कुठे उभी करायची हे या आकड्यावर ठरणार असेल, तर त्यात चुकीने ‘सुस्थितीत’ ठरलेल्या वस्तीला दाद मागण्याची सोयही असायला हवी.