लहान राष्ट्रांचे दाखले

ऑलिंपिक सामने आटोपले की आपल्याकडे एक ठराविक विलाप सुरू होतो: १४० कोटींचा देश, आणि पदके मात्र मूठभर! २०२४ साली पॅरिसहून आपण एक रौप्य व पाच कांस्य पदके घेऊन परतलो. त्याच मैदानावर सेंट लुशिया या कॅरिबियन बेटाच्या ज्युलियन आल्फ्रेडने १०० मीटरच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. त्या राष्ट्राची सारी वस्ती दोन लक्षांहून कमी. आमच्या एकट्या मावळ तालुक्याची २०११ च्या शिरगणतीतच तीन लक्षांहून अधिक होती.

यावर सुशिक्षित गृहस्थ दोन निदाने करतात. दोष आपल्या रक्तात आहे, हे एक. तो सरकारात आहे, हे दुसरे. दोन्ही सारखीच सोयीची आहेत, कारण बोलणाऱ्यास स्वतः काहीच करावे लागत नाही.

रक्ताचा दोष म्हणावा, तर वडगाव मावळची हर्षदा गरुड पाहावी. २०२२ च्या मे महिन्यात ग्रीसमधील हेराक्लिओन येथे कनिष्ठांच्या जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत, ४५ किलो गटात, एकूण १५३ किलो उचलून तिने सुवर्णपदक जिंकले. त्या स्पर्धेत सुवर्ण मिळविणारी ती पहिली भारतीय होय. तेव्हा ‘मावळ्यांचे रक्त’ म्हणून आपण टाळ्या पिटल्या. आम्हांस हे कौतुक खटकते. रक्त साऱ्या तालुक्यात आहे. पण तिला वडगावातच घडविणारे बिहारीलाल दुबे यांच्यासारखे गुरू गावोगाव नाहीत.

शिवाय पॅरिसला स्त्रियांचा सर्वांत हलका गट ४९ किलोंचा होता. त्याच गटात मीराबाई चानू यांनी टोकियोचे रौप्यपदक मिळविले, ते २०२ किलो उचलून. १५३ आणि २०२ यांमधले अंतर टाळ्यांनी भरून निघत नाही. त्यास वर्षानुवर्षांचा खुराक, सराव आणि कोणाचा तरी भक्कम आधार लागतो. आल्फ्रेडही चौदाव्या वर्षी घर सोडून जमैकास गेली, पुढे टेक्सासच्या विद्यापीठात शिकली, तेव्हा कोठे पॅरिसला पोचली.

सरकारने अधिक करावे, हे आम्हांस मान्यच आहे. परंतु १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीस निघाले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्या खर्चासाठी आपले राहते घर गहाण ठेवले. आम्हीही त्याच पेशातले. आम्ही काय गहाण ठेवले? पावसाळ्यात आम्ही लोणावळ्यास जातो, भुशी धरणावर भिजतो, चिक्कीची पुडकी घेऊन परततो. पुण्याहून जाताना वडगाव वाटेतच लागते. तेथे उतरतो कोण? घरी स्वतःच्या मुलीचा खेळाचा तास आम्ही शिकवणीला देतो, आणि देशाची लाज मात्र मावळच्या मुलीने राखावी अशी अपेक्षा धरतो!

आमचे म्हणणे एवढेच की, मावळ हेच एक लहान राष्ट्र समजावे. वडगाव, कामशेत, लोणावळा, पवनेचे खोरे, अशा प्रत्येक ठिकाणी मुलांमुलींना शिकविणारा एक तरी जाणता, पगारी माणूस असावा, आणि त्या तालुक्याची हवा खाणाऱ्यांनी वर्षातल्या एका सहलीचा खर्च त्याच्या वेतनास द्यावा. एवढेही आमच्या हातून होणार नसेल, तर पुढच्या ऑलिंपिकच्या वेळी लहान राष्ट्रांचे दाखले देण्यापेक्षा आम्ही गप्प बसावे, हे बरे.