तांब्याच्या तारेवरील वाद



जुन्या शिकुनांत राहणाऱ्या कुटुंबांची एके काळी एक तक्रार असे: पैसे सारखेच भरूनही टेलिफोन केंद्राजवळ राहणाऱ्यांचे इंटरनेट धावते, आमचे मात्र रांगते. काचतंतू घरोघर येऊ लागल्यापासून ही तक्रार मागे पडत चालली आहे. तथापि तिचे उत्तर अभियंत्यांच्या एका जुन्या वादात आहे, म्हणून तो येथे सांगावासा वाटतो.

टेलिफोनची तार बोलण्यासाठी घातली गेली. बोलण्यास सुमारे ४ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा पुरतो. त्यावरील रिकामा पट्टा १,१०४ किलोहर्ट्झपर्यंत वापरावा, ही 'एडीएसएल'ची कल्पना. परंतु कंपनसंख्या वाढली की तांब्यात संकेत क्षीण होतो, तार लांब असल्यास फारच. शिवाय शेजारच्या तारांची कुजबुज आणि रेडिओ केंद्रांची घुसखोरी आहेच. कोणत्याही दोन तारा सारख्या नसतात.

अशा तारेवर माहिती कशी चढवावी? बेल प्रयोगशाळेकडून आलेल्या 'कॅप' पद्धतीत सर्व माहिती एकाच रुंद संकेतावर लादली जाई. यंत्र सोपे, स्वस्त आणि तयार. दुसरा पक्ष स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन चिओफी व त्यांच्या अमाटी कंपनीचा. त्यांची 'डीएमटी' पद्धत पट्ट्याचे ४.३१२५ किलोहर्ट्झचे २५६ लहान मार्ग करी, प्रत्येक मार्ग आधी मोजून पाही आणि मगच त्यावर झेपेल तेवढा भार ठेवी: कोठे एका खेपेस १५ बिट, कोठे दोन, कोठे काहीच नाही. भाऊच्या धक्क्यावरील जाणता मुकादम हमालांची ताकद पाहून ओझी वाटून देई, तसेच हे. आक्षेप असा की यास गणित फार, म्हणून चिप महाग.

१९९३ साली अमेरिकेत बेलकोर येथे प्रत्यक्ष चाचणी झाली आणि 'डीएमटी' सरस ठरली. अमेरिकन मानक तिच्यावरच बेतले गेले. तरीही कंपन्या पुढे कित्येक वर्षे 'कॅप'ची यंत्रे विकीत राहिल्या, कारण ती हाताशी होती! १९९९ च्या आंतरराष्ट्रीय मानकातही 'डीएमटी'च आली. पुढे अधिक जलद 'व्हीडीएसएल'साठी तोच तंटा पुन्हा उभा राहिला. २००३ साली पुन्हा चाचण्या झाल्या, पुन्हा तोच निकाल लागला. एकदा मोजून सिद्ध झालेल्या गोष्टीसाठी पुन्हा दहा वर्षे भांडावे, याचे आम्हांस नवल वाटते. पण ज्यांचा पैसा जुन्या यंत्रांत गुंतला होता, त्यांना तसे वाटले नसावे.

आमच्या मते निवड योग्यच झाली, आणि ती दूर राहणाऱ्यांच्या हिताची होती. लांब तारेवर वरचे मार्ग मुके होत, खालचे मात्र काम करीत राहत. वेग घटे, तार मरत नसे. मोडेम सुरू करताच त्याचा दिवा काही काळ लुकलुकत राही, आणि मुले अधीर होत. त्या अवधीत तो आपल्याच घराच्या तारेचा एकेक मार्ग मोजीत असे.