विषाची नोंद कोण ठेवणार?

आगीपासून माणसाचे रक्षण व्हावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. विजेची उपकरणे, त्यांची प्लास्टिकची आवरणे, गाद्यांतील फोम, मोटारींतील आसने यांनी सहजासहजी पेट घेऊ नये म्हणून त्यांत अग्निरोधक रसायने मिसळण्याची पद्धत गेल्या अर्धशतकात रूढ झाली, ती याच सद्हेतूने. परंतु आग रोखणारे हे द्रव्य शरीरात शिरल्यावर काय करते, हा प्रश्न ते बाजारात येण्यापूर्वी पुरेशा गांभीर्याने विचारला गेला नाही. जेथे तो मागाहून विचारला गेला, तेथे उत्तराची पहिली चाहूल लागण्यास पंचवीस वर्षे लागली. आमच्याकडे तर तो विचारण्याची सोयही अद्याप झालेली नाही.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात १९७३ साली जे घडले, ते या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारे आहे. तेथील एक कारखाना दोन पदार्थ तयार करीत असे. एक ‘न्यूट्रिमास्टर’, म्हणजे गुरांच्या खाद्यात घालावयाचे मॅग्नेशियम ऑक्साइड. दुसरा ‘फायरमास्टर’, म्हणजे प्लास्टिकमध्ये घालावयाचे पॉलिब्रोमिनेटेड बायफेनिल, अर्थात पीबीबी, हे अग्निरोधक. नावांत साम्य, पोत्यांतही साम्य. दुसऱ्याची काही पोती पहिल्याच्या जागी पशुखाद्याच्या गिरणीत पोचली. गाईंनी खाणे टाकले, दूध आटले, वासरे दगावू लागली. खरे कारण उमगावयास १९७४ साल उजाडले, आणि त्याचे श्रेय मोठ्या अंशी फ्रेडरिक हॅल्बर्ट या दूधव्यवसायी शेतकऱ्याच्या चिकाटीला द्यावे लागेल. सुमारे ३०,००० गुरे व १५ लाख कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. परंतु तोवर दूध, मांस व अंडी यांच्या वाटे ते विष राज्यातील लक्षावधी लोकांच्या शरीरात जाऊन बसले होते.

त्यानंतर मात्र त्या राज्याने एक शहाणपणाचे काम केले. १९७६ पासून विषबाधित कुटुंबांतील सुमारे चार हजार माणसांची नोंद आरोग्य खात्याने केली, त्यांचे रक्त तपासले आणि त्यांच्या प्रकृतीवर पुढे अनेक वर्षे लक्ष ठेवले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, ज्यांच्या रक्तात पीबीबीचे प्रमाण अधिक होते, त्यांच्यात पचनसंस्थेच्या कर्करोगांचा आणि लिम्फोमाचा धोकाही अधिक होता.

येथे अतिशयोक्ती करणे हा वाचकांशी अप्रामाणिकपणा ठरेल. त्या अभ्यासातील रुग्णांची संख्या थोडी होती. आणि पचनसंस्थेच्या कर्करोगांत जठराचा कर्करोग मोडत असला, तरी त्या एकट्याविषयी ठाम निष्कर्ष त्यातून निघत नाही. जठराच्या कर्करोगामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू, अतिखारवलेले अन्न व तंबाखू ही कारणे अधिक भक्कमपणे सिद्ध झालेली आहेत, व त्यांकडे दुर्लक्ष होता कामा नये. तथापि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली पीबीबीची गणना ‘मानवास बहुधा कर्करोगकारक’ अशा द्रव्यांत केली, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी खास नव्हे.

पीबीबी मागे पडले, तेव्हा त्याच्या जागी त्याचेच भावंड शोभणारे पीबीडीई आले. हे आगीतून निघून फुफाट्यात पडणे होते. यथावकाश त्याचेही दोष उघड झाले आणि २००९ व २०१७ साली स्टॉकहोम कराराखाली त्याच्या व्यापारी प्रकारांवर बंदी आली. आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळानेही ऑक्टोबर २०२० मध्ये अशा सात रसायनांविषयीच्या तरतुदींना मान्यता दिली. त्यांत पीबीबीचा एक व पीबीडीईचे काही प्रकार आहेत.

पण बंदीच्या कागदाने जुन्या दूरदर्शन संचातील विष नाहीसे होत नाही. तो संच, तो संगणक आज ना उद्या भंगारात जातो. कुर्ला-साकीनाका भागातील गाळ्यांत तो हातोडीने फुटतो. तांब्यासाठी तारा जाळल्या जातात. फोडणाऱ्याच्या हाताला मोजा नाही, तोंडाला फडके असले तर असले. ती धूळ हातावरून भाकरीला लागते आणि भाकरीबरोबर पोटात जाते. मिशिगनमध्ये जे चुकीने घडले, ते येथे रोजच्या रोजगाराचा भाग म्हणून घडत आहे. फरक इतकाच की, तेथे यादी होती, येथे नाही. वीस वर्षांनी यांपैकी कोणी पोटाच्या विकाराने अंथरुणाला खिळला, तर त्याने काय फोडले, किती वर्षे फोडले, हे कोण सांगणार?

हे काम कायद्याबाहेरचेही नाही. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी नव्या उपकरणांतील पीबीबी व पीबीडीई यांवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली आहेच. शिवाय उपकरणे सुटी करणाऱ्या कामगारांची नोंदणी करण्याची आणि त्यांच्या आरोग्याची काळजी वाहण्याची जबाबदारी राज्याच्या कामगार खात्यावर टाकली आहे. ती नोंदणी परवानाधारक कारखान्यांच्या फाटकापाशी थांबू नये. खरी गरज आहे ती गल्लीतल्या गाळ्यात. नोंदणीसाठी आलेल्या माणसाला पोलिसांचा धाक वाटता कामा नये, नाहीतर तो येणारच नाही. आणि त्या नोंदवहीची सांगड कर्करोगाच्या नोंदवहीशी घातली जावी. देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदवही १९६३ साली याच मुंबईत भारतीय कॅन्सर सोसायटीने सुरू केली, हे विसरता येणार नाही. ज्या शहराने मृत्यूचा हिशेब ठेवण्यात देशाला वाट दाखविली, त्याला जिवंत माणसांची यादी करणे अशक्य आहे काय?

पुरावा नाही, म्हणून धोका नाही, असे म्हणण्याचा अधिकार ज्याने पुरावा शोधला त्यालाच असतो. ज्याने वहीच उघडली नाही, त्याने कोरे पान दाखवून निर्दोषत्व सांगू नये. कामगार खात्याने ही वही आता उघडावी, एवढीच आमची मागणी आहे.