परतलेले जग आणि त्याची भाषा

मेंदूला झालेल्या इजेतून उठलेला माणूस 'बरा झाला' असे म्हटले जाते, तेव्हा त्या 'बरा' या शब्दात एक गृहीतक दडलेले असते. इजेपूर्वी जो माणूस होता तोच परत आला आहे. थोडा अशक्त, थोडा मंद, परंतु तोच, असे ते गृहीतक होय. मोडलेले हाड सांधले की पाय पूर्ववत चालू लागतो, त्याच न्यायाने मेंदूकडेही पाहिले जाते. या अवस्थेतून गेलेल्यांनी स्वतः जे लिहून ठेवले आहे, ते मात्र या गृहीतकाला दुजोरा देत नाही. त्यांच्या लेखी परत मिळणारे जग हे हरवलेल्या जगाची दुरुस्त केलेली प्रत नसते. ते निराळेच जग असते आणि त्यात राहण्यासाठी निराळी भाषा शोधावी लागते. असे लेखन आजवर मुख्यतः वैद्यकशास्त्राचा पुरावा म्हणून वाचले गेले. ते वाङ्मय म्हणूनही वाचले पाहिजे, आणि भारतीय भाषांच्या अभ्यासकांना तर ते वाचण्याचे विशेष कारण आहे.

प्रथम या बदलांचे स्वरूप पाहावे. डोक्याला मार लागला की स्मृती जाते, बोलणे अडखळते, हे सर्वसामान्य माणसालाही ठाऊक असते. ज्याची कोणी अपेक्षा करीत नाही असे बदल वेगळेच असतात. नाकाच्या वरच्या बाजूला चाळणीसारखे सच्छिद्र हाड असते. त्याच्या छिद्रांतून गंधाचे बारीक मज्जातंतू मेंदूकडे जातात आणि डोके जोराने हादरले तर ते तुटू शकतात. मग फोडणीचा वास येत नाही, दूध नासल्याचे कळत नाही, आणि चव ही बहुतांशी वासावरच अवलंबून असल्यामुळे जेवण म्हणजे केवळ चावणे उरते. कधी वास परत येतो, पण विकृत होऊन येतो आणि ओळखीचा सुगंधच किळसवाणा वाटू लागतो. कोणाला भांड्याला भांडे लागल्याचा आवाज सहन होत नाही, कोणाला दिव्याचा उजेड. दोन माणसे एकाच वेळी बोलू लागली की कोणाला दोघांचेही शब्द कळेनासे होतात. या साऱ्यांत एक समान गोष्ट अशी की बाहेरून काहीच दिसत नाही. जखमेचा व्रण भरलेला असतो. त्यामुळे घरच्या माणसांना हा हट्ट वाटतो, आळस वाटतो, प्रसंगी सोंगही वाटते. अशा वेळी रुग्णाजवळ स्वतःच्या बाजूने उभा करण्यासारखा एकच साक्षीदार असतो, तो म्हणजे त्याचा शब्द. आणि नेमका तोच पुष्कळदा जखमी झालेला असतो.

या साक्षीचे सर्वांत विलक्षण उदाहरण रशियन भाषेत आहे. लेव झासेत्स्की हा अभियांत्रिकीचा विद्यार्थी दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होता. २ मार्च १९४३ रोजी त्याच्या डोक्यात गोळी शिरली आणि मेंदूच्या डाव्या बाजूचा मागचा भाग उद्ध्वस्त झाला. त्याच वर्षी त्याची गाठ मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लूरिया यांच्याशी पडली आणि ते त्याचा अभ्यास पुढे कित्येक वर्षे करीत राहिले. झासेत्स्कीला कोणत्याही वस्तूची उजवी बाजू दिसेनाशी झाली होती आणि जे दिसे तेही तुकड्यातुकड्यांनी, थरथरत. कधी आपले डोके टेबलाएवढे झाले आहे आणि हातपाय इवलेसे झाले आहेत असे त्याला भासे. अक्षरे दिसत, पण ती आपल्याच भाषेची आहेत हे कळत नसे. मात्र मेंदूचा पुढचा भाग शाबूत राहिल्यामुळे इच्छा, निश्चय आणि आपले काय गेले आहे याची जाणीव अबाधित होती. त्याची यातना आणि त्याचा पराक्रम या दोहोंचे मूळ येथे आहे.

एके दिवशी त्याला एक अनपेक्षित शोध लागला. एकेक अक्षर आठवून लिहू गेले की हात थांबतो. पण विचार न करता, हात न उचलता शब्द एका झपाट्याने लिहिला तर तो उमटतो. मनाने गमावलेला शब्द हाताने जपून ठेवला होता. लूरियांनी या सवयीच्या हालचालीला एका सुरावटीची उपमा दिली आहे, आणि ती समर्पक आहे. परंतु लिहिलेले वाचणे त्याला महाकठीण होते. आपण मागच्या ओळीत काय म्हटले हे ज्याला सहज पाहता येत नाही, असा हा लेखक. तरीही त्याने सुमारे २५ वर्षांत ३००० च्या आसपास पाने लिहिली. एका योग्य शब्दासाठी तो तासन् तास वाट पाहत असे. शब्दाची वाट पाहणे हे कवीचे लक्षण म्हणून समीक्षेत गौरवाने सांगितले जाते. येथे तीच गोष्ट निव्वळ जगण्याची अट झाली होती.

भाषाभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावे असा एक भाग त्याच्या व्याकरणाचा आहे. त्याला 'आई' कळे, 'मुलगी' कळे. परंतु 'आईची मुलगी' आणि 'मुलीची आई' यांतला भेद लागत नसे. 'वडिलांचा भाऊ' म्हणजे कोण, 'भावाचे वडील' म्हणजे कोण, हे कोडे त्याला सुटेना. हत्ती मोठा की माशी, हेही तुलनेच्या वाक्यात घातले की गोंधळ होई. एखादी साधी घटना मात्र त्याला समजत असे. घटना सांगणारी वाक्ये आणि संबंध सांगणारी वाक्ये असा भेद लूरियांनी केला, तो याच धर्तीवर. येथे भारतीय व्याकरणपरंपरेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पाणिनीने कारके मानली ती क्रियेशी असलेल्या नात्यावरून, आणि षष्ठी मुख्यतः उरलेल्या, म्हणजे नामानामांतील संबंधासाठी वेगळी ठेवली. रणांगणावरील एका गोळीने जी रेषा उघड केली, तिच्याजवळून जाणारी एक रेषा प्राचीन वैयाकरणाने केवळ भाषेच्या निरीक्षणातून आखलेली होती. यावरून प्राचीनांना मेंदूचे शास्त्र अवगत होते, असा भलता निष्कर्ष काढू नये. व्याकरणातील भेद हे केवळ सोयीचे कप्पे नसतात, ते माणसाच्या आत कुठेतरी खरे असतात, एवढेच यातून सूचित होते. आणि तेवढेही थोडे नाही.

झासेत्स्कीच्या लेखनातील निवडक भाग आणि त्यावरील भाष्य असे लूरियांचे पुस्तक १९७१ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या रशियन नावाचा अर्थ 'हरवलेले आणि परत मिळालेले जग' असा आहे. १९७२ मध्ये इंग्रजी भाषांतर निघाले, तेव्हा ते भंगलेल्या जगाचा माणूस या अर्थाच्या नावाने. भाषांतरात 'परत मिळाले' गळून गेले आणि 'भंगले' तेवढे उरले. स्वतः झासेत्स्कीने आपल्या वह्यांना दिलेले नाव तिसरेच होते आणि त्याचा आशय होता, 'पुन्हा लढतो आहे'. एकाच अनुभवाची ही तीन नावे म्हणजे तीन दृष्टिकोन आहेत. शास्त्रज्ञाला कथा पूर्ण झालेली हवी, म्हणून जग परत मिळते. वाचकाला आकर्षित करू पाहणाऱ्या प्रकाशनाला आपत्तीचे चित्र हवे, म्हणून ते भंगते. ज्याच्यावर ते गुदरले, त्याच्या नावात जगही नाही आणि शेवटही नाही; केवळ चालू वर्तमानकाळातील एक क्रियापद आहे. या तिन्हींपैकी तिसऱ्या नावाला प्रमाण मानून उरलेल्या दोहोंची चिकित्सा करणे हे तौलनिक साहित्याभ्यासाचे काम आहे. लूरियांची सहृदयता वादातीत आहे. परंतु ३००० पानांतून कोणती पाने निवडली आणि कोणत्या क्रमाने मांडली, हा प्रश्न त्यांच्या सहृदयतेमुळे मिटत नाही.

दुसरे उदाहरण कादंबरीकाराचे आहे. टोरँटोचे रहस्यकथालेखक हॉवर्ड एंगेल २००१ साली एका सकाळी उठले, तेव्हा दारातले वर्तमानपत्र त्यांना कोणत्यातरी परक्या भाषेत छापलेले दिसले. रात्रीत मेंदूला रक्ताघात झाला होता. वाचन गेले होते, लेखन शिल्लक होते. फ्रान्समध्ये देजेरीन यांनी १८९२ सालीच अशा रुग्णाचे वर्णन केले होते. एंगेल यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. त्यांनी आपला जुना गुप्तहेर नायक बेनी कूपरमन यालाच डोक्यावरील आघाताने त्याच अवस्थेत नेऊन ठेवले आणि २००५ साली कादंबरी प्रसिद्ध केली. ज्याला वाचता येत नाही अशा शोधकाने इस्पितळाच्या खाटेवरून गुन्ह्याचा उलगडा करावयाचा! रहस्यकथेत वाचकाला हवी असलेली माहिती दडवून ठेवलेली असते; येथे नायकाच्याच मेंदूने ती दडवलेली आहे. आत्मकथन त्यांनी २००७ साली, म्हणजे कादंबरीनंतर लिहिले, हा क्रम अर्थपूर्ण आहे. कल्पित कथेने अनुभवाला आधी आकार दिला आणि मगच तो 'मी' म्हणून सांगता आला.

आता भारतीय भाषांकडे वळावे. वरील दोन्ही व्यक्तींच्या कथा मुख्यतः एकेका भाषेत आणि एकेका लिपीत घडतात. भारतातील परिस्थिती तशी नाही. सोलापूरच्या एखाद्या घरात मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच दिवसात बोलल्या जातात, शाळेत इंग्रजी येते, चित्रपटातून हिंदी. अशा माणसाच्या मेंदूला इजा झाली तर कोणती भाषा आधी परत येईल? १८८१ साली रिबो यांनी, जी सर्वांत आधी शिकली ती, असे उत्तर सुचवले. १८९५ साली पीत्र यांनी, जी सर्वांत सरावाची ती, असे म्हटले. पुढच्या निरीक्षणांत दोन्ही नियमांना अपवाद सापडले; काहींना तर एक भाषा परत मिळते आणि दुसरी मिळतच नाही. लिपीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. देवनागरी किंवा कन्नड अक्षर स्वरव्यंजनांचा मेळ एकत्र बांधते, रोमन लिपी त्यांना सुटे ठेवते. तेव्हा वाचनाचा लोप दोन्हींत सारखाच होईल असे धरून चालता येत नाही. प्रतिभा कारंथ यांनी कन्नड व इंग्रजी जाणणाऱ्या रुग्णाच्या वाचनलोपाचा अभ्यास १९८१ सालीच प्रसिद्ध केला होता. हा विषय वाक्चिकित्सकांनी हाती घेतला. साहित्याच्या विभागांनी मात्र तो आपला मानलेला नाही.

तो आपला का मानावा, याचे उत्तर रोजच्या बोलण्यात आहे. शरीरसंवेदनांच्या बाबतीत मराठी ही फार बारकाईची भाषा आहे. कळ वेगळी, चमक वेगळी, ठणका वेगळा. ठुसठुसणे, चुरचुरणे, भगभगणे, शिणकणे यांतले कोणतेही दोन शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मुंग्या येतात, अंधारी येते, डोके भणभणते. रुग्ण हे सारे सांगतो आणि इस्पितळाच्या केसपेपरवर त्याचे इंग्रजीत एका शब्दात डोकेदुखी होते. हे भाषांतर आहे, आणि साहित्यविभागांत ज्या भाषांतराची चिकित्सा होते त्याहून त्याचे परिणाम अधिक गंभीर आहेत. जे नोंदले गेले नाही त्यावर उपचार होत नाही, नुकसानभरपाई मिळत नाही आणि घरातही विश्वास बसत नाही. शिवाय या साऱ्या शब्दसंपत्तीतही वास उलटून येणे, अक्षर परके होणे, शरीराची अर्धी बाजू नाहीशी होणे यांना रूढ शब्द नाहीत. ते शब्द रुग्णांनाच घडवावे लागतात. नवा शब्द घडताना पाहण्याची संधी वाङ्मयाच्या अभ्यासकाने दवडावी, हे समजण्यासारखे नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की हे दस्तऐवज आहेत, कलाकृती नव्हेत. मराठी वाचकाला या आक्षेपाचा इतिहास ठाऊक आहे. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले आणि त्यानंतरची दलित आत्मकथने आली, तेव्हाही ही समाजशास्त्राची सामग्री आहे, असे म्हणणारे होतेच. पुढे निकष बदलावे लागले ते समीक्षेला, आत्मकथनांना नव्हे. दोन्ही अनुभवांची जात भिन्न आहे आणि त्यांची तुलना येथे अभिप्रेत नाही. साक्षीला वाङ्मयाच्या उंबरठ्याबाहेर ठेवण्याची सवय मात्र तीच आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. इजेतून नवी दृष्टी मिळते, असा गौरव करण्याचा मोह अशा वाचनात असतो. तो कटाक्षाने टाळला पाहिजे. स्वीडिश कवी टोमास ट्रान्स्ट्रोमर यांची वाणी १९९० च्या रक्ताघाताने जवळजवळ गेली. ते डाव्या हाताने पियानो वाजवीत राहिले, त्यानंतरही त्यांचे कवितासंग्रह निघाले आणि २०११ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. याचा अर्थ रक्ताघाताने त्यांना कविता दिली असा नव्हे. कविता त्यांच्याजवळ आधीच होती; आघाताने पुष्कळ काही नेले आणि जे उरले त्यात ते काम करीत राहिले. नुकसानाला देणगी म्हणणे हाही रुग्णाच्या साक्षीवर अविश्वास दाखवण्याचाच एक सभ्य प्रकार आहे.

तात्पर्य, काम स्पष्ट आहे आणि ते फार खर्चाचेही नाही. विद्यापीठांतील भारतीय भाषांच्या विभागांनी अशा व्यक्तींची कथने त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच अडखळत्या वाक्यरचनेत, ज्या भाषामिश्रणात ती सांगितली गेली त्याच मिश्रणात नोंदवावीत. वाक्य सुधारू नये. सुधारलेच तर कोठे सुधारले ते सांगावे. कथनाला नाव देण्याचा अधिकार सांगणाऱ्याकडे ठेवावा. आणि तो माणूस म्हणाला की भात आता भातासारखा लागत नाही, तर ते वाक्य अलंकार म्हणून वाचू नये. ते अक्षरशः खरे आहे.